सायबेरियाहून परत आलेले कावामोतो



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी थोर व्यक्तींची चरित्रं लिहायला सांगितली. कुणी शिवाजी महाराजांवर लिहिलं, कुणी सावित्रीबाईंवर, कुणी साने गुरुजींवर. मी तायझो कावामोतो यांच्यावर लिहिते म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. हे कोण, कुठले, असं सगळे विचारायला लागले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला जगाच्या नकाशावर जपान दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मग ते म्हणाले की लिही, पण खरं तेवढंच लिही.

हे नाव मला मामाकडून कळलं. माझा मामा कोल्हापुरात राहतो. कोल्हापुरात फुटबॉलचं लई वेड आहे. तिथे तालमींचे संघ आहेत आणि सामना असला की लोक शाहू स्टेडियमवर गर्दी करतात. मामापण लहानपणी खेळायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आपला शेजारच्या गावच्या शाळेबरोबर सामना झाला, तो तुम्हाला आठवत असेल. मी गोली होते. आपण ६-० ने हरलो. सहाच्या सहा गोल माझ्या हातापायांजवळून गेले. घरी जाऊन मी जेवले नाही. परत कधी गोलात उभी राहणार नाही असं मी ठरवलं.

त्या रविवारी मामा आला होता. आईने त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो समजूत घालील किंवा रागावेल. त्याने तसलं काही केलं नाही. रात्री अंगणात बसल्यावर त्याने मला एका जपानी माणसाची गोष्ट सांगितली. हा माणूस एकदा फार मोठा सामना जिंकला आणि पुष्कळ वेळा हरला. ती गोष्ट म्हणजेच हे चरित्र. नावं आणि साली गुरुजींनी तपासून दिल्या.

तायझो कावामोतो यांचा जन्म १७ जानेवारी १९१४ रोजी जपानमधल्या आइची प्रांतात सेतो या गावी झाला. सेतो गाव फार जुन्या काळापासून भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. जपानी लोक चिनी मातीच्या भांड्यांना सेतोमोनो म्हणतात, म्हणजे सेतोची वस्तू. आपल्याकडे जसा कुंभारवाडा असतो तसं ते सगळं गावच कुंभारांचं. पण कावामोतो भांडी करायला राहिले नाहीत. ते ओसाका या मोठ्या शहरात इचिओका माध्यमिक शाळेत शिकले आणि तिथे फुटबॉल खेळायला लागले. त्या काळी जपानमध्ये बेसबॉलचं वेड जास्त होतं. फुटबॉल बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलंच खेळायची. पुढे कावामोतो टोकियोच्या वासेदा विद्यापीठात गेले. वासेदाचा संघ तेव्हा फार चांगला होता.

कावामोतो पुढच्या फळीत मधोमध खेळायचे. त्या जागेला सेंटर फॉरवर्ड म्हणतात. गोलात नेमका चेंडू मारण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. खरं तर पाय कुणी धरत नव्हतं असं म्हणायला पाहिजे. आणखी एक गोष्ट त्यांना छान जमायची. समोरच्या बॅकच्या नजरेतून ते निसटून जायचे. बॅकला वाटायचं हा गडी कुठेतरी लांब आहे, तोवर ते चेंडूजवळ हजर. लपाछपी खेळताना आपल्या वर्गातली काही मुलं करतात ना, तसंच.

१९३४ साली ते पहिल्यांदा जपानच्या संघातून खेळले. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. फिलिपिन्सच्या मनिला शहरात पूर्वेकडच्या देशांची स्पर्धा होती. जपान तीन सामन्यांपैकी एकच जिंकला.

मग आलं १९३६ साल. त्या वर्षी जर्मनीत बर्लिनला ऑलिंपिक होतं. जपानचा फुटबॉल संघ त्याआधी ऑलिंपिकमध्ये कधी गेलाच नव्हता. हीच पहिली खेप. संघात निम्म्यापेक्षा जास्त मुलं वासेदाची होती. किम योंग-सिक नावाचे एक खेळाडू कोरियाचे होते. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं, म्हणून त्यांना जपानचा सदरा घालून खेळावं लागलं. आपल्यावरपण इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून त्यांच्या मनात काय येत असेल ते आपल्याला कळू शकतं.

हे सगळे जूनमध्ये जपानहून निघाले. तेव्हा खेळाडूंना विमानाने नेत नव्हते. ते समुद्र ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून रशियातल्या सायबेरियाच्या रेल्वेने युरोपात गेले. नकाशावर मी बोट फिरवून पाहिलं. बोट फिरवतानाच हात दुखतो एवढी ती वाट लांब आहे. दिवसच्या दिवस गाडीत बसून राहायचं. खिडकीबाहेर झाडं आणि मोकळी जमीन. बावीस वर्षांच्या कावामोतोंनी त्या खिडकीतून सायबेरिया पहिल्यांदा पाहिला. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण सायबेरिया या गोष्टीत परत येणार आहे.

बर्लिनला पोचल्यावर ते तिथल्या संघांबरोबर सरावाचे सामने खेळले आणि हरले. तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. जपानी संघ बचावाला मागे दोनच बॅक ठेवायचा. युरोपातले संघ मधल्या फळीतला एक गडी मागे ओढून तीन बॅक ठेवत होते. दोन बॅक असले की मधून वाट मोकळी राहते. कुंपणाला मधेच भगदाड असलं की शेळ्या आत शिरतात, तसं. जपानी खेळाडूंनी हे पाहिलं आणि थोड्याच दिवसांत ते स्वतः तीन बॅकांनी खेळायला शिकले. स्पर्धा तोंडावर आलेली असताना जुनी रीत सोडून नवी शिकायची म्हणजे सोपं नाही. मला एवढ्या दिवसांत सतराचा पाढापण नीट येत नाही.

४ ऑगस्ट १९३६ ला त्यांचा पहिला सामना स्वीडनबरोबर लागला. स्वीडनचे खेळाडू उंच आणि दणकट. जपान जिंकेल असं कुणालाच वाटत नव्हतं. हाफ टाइमपर्यंत स्वीडनने दोन गोल केले होते. जपानचा एकही नव्हता.

इथे मामा गोष्ट सांगताना थांबला आणि मला विचारलं की हाफ टाइमला आपण किती गोलांनी मागे होतो. मी म्हटलं तीन. आणि मग तू काय केलंस, असं त्याने विचारलं. मी काही बोलले नाही. कारण हाफ टाइमलाच मी मनातून हरले होते आणि पुढचे तीन गोल नुसते बघत राहिले होते. हे मी आज पहिल्यांदा सगळ्यांना सांगते आहे.

दुसरा डाव सुरू झाला आणि चारच मिनिटांत, म्हणजे ४९ व्या मिनिटाला, कावामोतो यांनी गोल केला. ऑलिंपिकमधला जपानचा तो पहिला गोल. आजपर्यंत जपानने ऑलिंपिकमध्ये पुष्कळ गोल केले, पण पहिला म्हटलं की कावामोतोंचंच नाव येतं. मग ६२ व्या मिनिटाला उकोन तोकुतारो यांनी दुसरा गोल केला. २-२ बरोबरी झाली. स्वीडनचे गडी आता चिडून खेळायला लागले. आणि ८५ व्या मिनिटाला मात्सुनागा अकिरा यांनी तिसरा गोल केला. पाच मिनिटं उरली होती. स्वीडनने सगळे गडी पुढे पाठवले. जपानचे गोली सानो रिहेई यांनी चेंडू अडवला. मी गोली असल्यामुळे मला सानो यांचं नाव लिहायचंच होतं, नाहीतर गोल करणाऱ्यांचीच नावं सगळ्यांना माहीत असतात.

जपान ३-२ ने जिंकला. स्वीडनमध्ये लोक रेडिओवर सामना ऐकत होते. तिथला समालोचक जपानी खेळाडू, परत जपानी खेळाडू, असं इतक्या वेळा म्हणाला की स्वीडनच्या लोकांना ते पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं. जपानमध्ये त्या सामन्याला बर्लिनचा चमत्कार म्हणतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. तीन दिवसांनी, ७ ऑगस्टला, जपानचा सामना इटलीबरोबर झाला. जपान ८-० ने हरला. हो, आठ! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी मामाला परत विचारलं. आठच. ज्यांनी चमत्कार केला त्यांनीच आठ गोल खाल्ले, आणि गोलात तेच सानो होते. इटलीला पुढे सुवर्णपदक मिळालं. जपानचा संघ घरी परत गेला. त्या रात्री मला सहा गोलांचं जरा कमी वाईट वाटलं.

कावामोतो आणि त्यांचे सोबती तरुण होते. त्यांना पुढच्या ऑलिंपिकची आशा होती. स्वीडनच्या सामन्याआधी चारच दिवस, ३१ जुलैला, असं ठरलं होतं की १९४० चं ऑलिंपिक टोकियोला भरवायचं. म्हणजे आपल्याच गावच्या मैदानावर खेळायला मिळणार! तेव्हा कावामोतो सव्वीस वर्षांचे असते. खेळाडूचं ते ऐन भरातलं वय.

पण १९३७ साली जपानने चीनबरोबर युद्ध सुरू केलं. १९३८ मध्ये जपानने ते ऑलिंपिक नको म्हणून कळवलं. पुढे दुसरं महायुद्ध पेटलं आणि १९४० ला काय, १९४४ लापण कुठेच ऑलिंपिक झालं नाही. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना सैन्यात नेलं. युद्ध जपानच्या राज्यकर्त्यांनी सुरू केलं होतं. त्यात चीन, कोरिया, फिलिपिन्स अशा किती देशांतल्या माणसांचे हाल झाले. आणि जपानच्या घरांतली मुलंपण मेली.

तिसरा गोल करणारे मात्सुनागा १९४३ च्या जानेवारीत ग्वादालकनाल नावाच्या बेटावर मेले. दुसरा गोल करणारे उकोन १९४४ साली बुगनव्हिल बेटावर मेले. ही बेटं नकाशात एवढी बारीक आहेत की गुरुजींना भिंग आणावं लागलं. आणि संघाचे कर्णधार ताकेउची तेइझो युद्ध संपल्यावरसुद्धा वाचले नाहीत. ते रशियाच्या कैदेत १९४६ साली सायबेरियात वारले.

म्हणजे स्वीडनविरुद्ध ज्या तिघांनी गोल केले त्यांतले कावामोतो एकटेच उरले.

तेपण सुखात नव्हते. १९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपलं तेव्हा सोव्हिएत रशियाच्या सैन्याने सुमारे सहा लाख जपानी सैनिक पकडले आणि कामाला नेले. पुष्कळांना सायबेरियात नेलं. त्यांत कावामोतोपण होते. सायबेरियात हिवाळ्यात एवढी थंडी पडते की शून्याच्या खाली तीस-चाळीस अंश. आपल्याकडे डिसेंबरात आपण शेकोटी करतो ती थंडी त्यापुढे काहीच नाही. तिथे कैद्यांना झाडं तोडायला, रेल्वेचे रूळ टाकायला, खाणीत काम करायला लावत. पोटाला पुरेसं मिळत नव्हतं. पन्नास हजारांपेक्षा जास्त माणसं तिथेच मेली.

ज्या सायबेरियातून कावामोतो खेळायला म्हणून गाडीत बसून गेले होते, त्याच सायबेरियात ते कैदी होऊन राहिले. मी हे लिहिताना मला वाटलं की त्यांना ती खिडकी आठवली असेल का. ते मला कुणी सांगितलेलं नाही, पण मला असं वाटलं.

मी हा लेख वहीत कच्चा लिहिला आणि आबांना वाचून दाखवला. आबा म्हणजे माझे आजोबा. ते पलटणीत होते. मी तीन सोबत्यांपर्यंत वाचलं तेव्हा आबा नुसते ऐकत होते. सायबेरियापर्यंत वाचल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि चष्मा पुसत बसले. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या कंपनीचापण फुटबॉलचा संघ होता. ते डाव्या बाजूने खेळायचे. १९७१ च्या लढाईनंतर त्या संघातले दोन जण परत आले नाहीत. नंतर साहेबांनी परत संघ उभा केला, तेव्हा आबांनी बूट घातले आणि परत काढून ठेवले. ते पुन्हा कधी खेळले नाहीत. आमच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. आजीलापण नाही. आबा एवढंच विचारत होते की हा माणूस परत येऊन खेळला का.

हो आबा, खेळला.

कावामोतो सायबेरियातून जिवंत परत आले. तेव्हा जपानची शहरं बॉम्बने बेचिराख झाली होती. खायला मिळायची मारामार होती. जगाच्या फुटबॉल संघटनेत जपानला परत जागा १९५० साली मिळाली. १९४८ ला लंडनमध्ये ऑलिंपिक झालं, तिथे जपानला बोलावलंच नव्हतं. आपला भारताचा संघ तिथे गेला होता आणि आपले पुष्कळ खेळाडू अनवाणी खेळले होते. कोरियाचापण संघ गेला होता, आता स्वतःच्या नावाने. किम योंग-सिक अडतिसाव्या वर्षी त्या संघातून खेळले. बर्लिनमधल्या एका सोबत्याला आपल्या देशाचा सदरा मिळाला, ही या गोष्टीतली चांगली बाजू.

१९५१ साली आपल्या दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे जपानला बोलावलं आणि जपानच्या फुटबॉल संघाला कांस्यपदक मिळालं. सुवर्णपदक आपल्या भारताने जिंकलं होतं.

कावामोतो ओसाकाला राहून तिथल्या क्लबकडून खेळायला लागले. कैदेतून आलेला माणूस, वय पस्तिशीच्या पुढे. गावातले लोक म्हणाले असते, आता बस कर बाबा, पोराबाळांकडे बघ. पण ते मैदानावर गेले. सम्राटाच्या नावाने जपानमध्ये एक मोठी स्पर्धा होते. त्यांचा ओसाका क्लब १९५१, १९५२ आणि १९५३ अशी तीन वर्षं ओळीने त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तिन्ही वेळा हरला. तिन्ही वेळा! आमच्या खो-खोच्या संघाला एकदा हरल्यावर पुढच्या वर्षी नाव द्यायला कुणी तयार नव्हतं.

आणि १९५४ साली नवल झालं. जपानच्या देशाच्या संघात कावामोतो यांना परत घेतलं. १९३६ नंतर पुरती अठरा वर्षं गेली होती. त्यांचं वय चाळीस होतं. चाळीस म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांच्या बाबांएवढं. इथे आलेल्या पालकांनी मनात विचार करून बघावा की तुम्हाला उद्या देशाकडून नव्वद मिनिटं पळायला बोलावलं तर काय होईल.

तो सामना साधासुधा नव्हता. जपान पहिल्यांदाच विश्वचषकाच्या पात्रता फेरीत खेळत होता आणि समोर कोरिया होता. कोरियाला जपानच्या राज्यात फार सोसावं लागलं होतं. म्हणून कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जपानी संघाला आपल्या देशात पाऊल ठेवू दिलं नाही. दोन्ही सामने टोकियोतच झाले. पहिल्या सामन्याला मैदानात नुसता चिखल होता. जपान ५-१ ने हरला. जपानचा तो एक गोल नागानुमा केन या तरुण खेळाडूने केला. ते हिरोशिमाचे. अणुबाँब पडला तेव्हा ते शाळेत जाणारं पोर होते आणि त्यातून वाचले होते. दुसरा सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि कोरिया पुढे गेला. त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये विश्वचषकाला कोरियाचा संघ गेला, त्याचे प्रशिक्षक होते किम योंग-सिक, बर्लिनचे तेच जुने सोबती.

एका संघात सायबेरियातून वाचलेला चाळीस वर्षांचा माणूस आणि हिरोशिमातून वाचलेला तेवीस वर्षांचा मुलगा. ते हरले, पण मला तो संघ फार आवडतो.

त्याच वर्षी मनिलाला आशियाई स्पर्धा झाल्या. वीस वर्षांपूर्वी कावामोतो जिथे पहिल्यांदा देशाकडून खेळले होते, तेच हे गाव. जपान इंडोनेशियाकडून ५-३ ने हरला आणि आपल्या भारताकडून ३-२ ने. त्यानंतर कावामोतो देशाकडून खेळले नाहीत.

१९५८ साली आशियाई स्पर्धा टोकियोत भरल्या. तेव्हा कावामोतो जपानच्या संघाचे प्रशिक्षक होते. घरचं मैदान, घरचे लोक. पण जपान फिलिपिन्सकडून १-० ने आणि हाँगकाँगकडून २-० ने हरला. एकही गोल झाला नाही. बर्लिनला पहिला गोल करणाऱ्या माणसाच्या संघाला घरच्या मैदानावर एक गोल करता आला नाही. त्यानंतर कावामोतो त्या जागेवर राहिले नाहीत.

मला इथे वाईट वाटलं. मी मामाला म्हटलं की गोष्टीचा शेवट असा नको. मामा म्हणाला की गोष्टीचा शेवट आपल्याला पाहिजे तसा करायचा नसतो, आणि अजून शेवट झाला नाही.

कारण असं झालं. अशा हारींनंतर जपानने १९६० साली जर्मनीहून देटमार क्रामर नावाचे प्रशिक्षक बोलावले. त्यांनी चेंडू कसा थांबवायचा, कसा द्यायचा, अगदी पहिलीपासून शिकवलं. १९६२ च्या शेवटी नागानुमा प्रशिक्षक झाले. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक आलं. १९४० ला जे हुकलं होतं ते चोवीस वर्षांनी आलं. त्यात जपानने अर्जेंटिनाला हरवलं. किती गोलांनी ते ओळखा. ३-२ ने! बर्लिनसारखंच मागे पडून जिंकले. कावामोतो तेव्हा पन्नास वर्षांचे होते. १९६५ साली जपानमध्ये आठ संघांची लीग सुरू झाली. आणि १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये नागानुमांच्या संघाने मेक्सिकोलाच २-० ने हरवून कांस्यपदक मिळवलं. दोन्ही गोल कामामोतो कुनिशिगे यांचे. त्यांनी त्या स्पर्धेत सात गोल केले, सगळ्यांत जास्त. कामामोतो आणि कावामोतो ही नावं एकसारखी वाटतात म्हणून गोंधळू नका. दोघेही वासेदाचे आणि दोघेही सेंटर फॉरवर्ड, पण माणसं वेगळी.

तायझो कावामोतो २० सप्टेंबर १९८५ रोजी वारले. ते ७१ वर्षांचे होते. जपानच्या फुटबॉल संघटनेने थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत त्यांचं नाव घातलं आहे.

आता वर्गातल्या काही जणांनी मला विचारलं की एवढा हरलेला माणूस थोर कसा. मी पुष्कळ विचार केला. मला असं वाटतं की बर्लिनचा गोल पाहिजे तर विसरला तरी चालेल. पण सोबती मेल्यावर, कैदेत राहून आल्यावर, तीनदा अंतिम सामना हरल्यावर चाळिसाव्या वर्षी परत बुटाची नाडी बांधायची, हे सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमत नाही तेपण वाईट नसतात. माझ्या आबांना जमलं नाही आणि माझे आबा थोरच आहेत.

लेख लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा आमच्याबरोबर शाळेच्या मैदानावर आले. ते काठी घेऊन कडेला उभे राहिले. मी गोलात उभी राहिले. चेंडू एकदा घरंगळत त्यांच्यापाशी गेला. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि डाव्या पायाने चेंडू मला परत दिला. चेंडू सरळ माझ्या हातात आला.

शेजारच्या गावच्या शाळेबरोबर पुढच्या महिन्यात परत सामना आहे. मी गोली आहे. पालकांनी जरूर यावं. हाफ टाइमला आपण मागे असलो तरी घरी जाऊ नये.

इयत्ता चौथी